नाक्याअलीकडचा मुन्शी

बोलायला सुरुवात करण्याआधी तो दोन बोटं वर करायचा. एक बोट म्हणजे इंग्रज सरकार, दुसरं म्हणजे निजाम सरकार. ती बोटं नाकासमोर धरून त्यांच्या फटीतून तो समोरच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "तुमी मधी हाय. दोगांचं देणं लागतं."

एवढं ऐकलं की समोरच्याचा चहा बशीत तसाच गार व्हायचा. मग तो चहा हाच प्यायचा.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. परगावची माणसं पोटासाठी जिथं गोळा होतात, तिथं त्यांच्या भीतीवर जेवणारा एखादा असतोच. आमच्या वाट्याला हा आला होता.

सोलापूरच्या गिरण्यांत तेव्हा आम्ही मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या मुलखातली माणसं पुष्कळ होतो. कुणी तेलंगणातून मागावर बसायला आलेले, कुणी माझ्यासारखे औशाकडचे. वडील गेले तेव्हा माझी शाळा तिसरीत सुटली होती. या शहरानं मला मागावर उभं केलं, पोटाला घातलं, त्याचं ऋण मी मानतो. पण परक्या मुलखात आपण काही तरी चुकतोय, कुणीतरी येऊन विचारणार आहे, असं एक भय कायम पोटात असायचं. सरहद्द काही लांब नव्हती. तरी पलीकडचं नाणं वेगळं, कचेरीची भाषा उर्दू, कायदा निराळा. सोलापुरात घेतलेली नवी वस्तू घरी न्यायची तर वाटेत नाक्यावर तिच्यावर कर भरावा लागे. त्या खात्याला आमच्याकडे करोडगिरी म्हणत. गावाकडं घर-जमीन असेल तर तिथलं देणं तिथं. आणि इकडं राहतो म्हणून इकडचं काय लागतं, ते आमच्यातल्या एकालाही धड ठाऊक नव्हतं.

या न ठाऊक असण्यावर त्यानं आपलं दुकान मांडलं होतं. गिरणीच्या फाटकासमोर एक चहाचं दुकान होतं. पाळी सुटायच्या वेळेला तो तिथल्या बाकड्याच्या टोकाला येऊन बसायचा. अंगात काळा कोट, डोक्यावर काठ झिजून तांबूस झालेली काळी टोपी, मांडीवर छत्री. कडक उन्हातही ती छत्री कधी उघडलेली पाहिली नाही. स्वतःला मुन्शी म्हणवून घ्यायचा. मी करोडगिरीत कारकून होतो, साहेबाशी वाजलं, राजीनामा तोंडावर फेकून निघालो, असं सांगायचा. साहेबाचं नाव मात्र दर वेळी बदलायचं. आम्हीही तोंडावर मुन्शीजी म्हणायचो. पाठीमागं मी काय म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्याची चहा ओढण्याची तऱ्हा, चहा संपल्यावर बशी वाकडी करून शेवटचा थेंब जिभेवर घेणं, एखादा साधा पट्टेवाला रस्त्यानं चालला तरी अर्धं उठून त्याला सलाम करणं, आणि तो गेल्यावर आमच्याकडे वळून "वळखीचा हाय" म्हणणं. पट्टेवाल्यानं याच्याकडे बघितलेलंही नसायचं.

साखर पेठेत माझ्या खोलीत नरसय्या म्हणून एक तेलुगू विणकर राहायचा. अंगानं दणकट, बोलण्यात फटकळ. त्याला मुन्शीनं एकदा गाठलं आणि सांगितलं की इंग्रज सरकार आता कमाईवर कर घेतं, त्याला इन्कम टॅक्स म्हणतात, आणि तो घेताना परमुलखातल्या माणसाला आधी धरतात. झालं. पुढं कितीतरी दिवस नरसय्या टोपीवाला साहेब दिसला की बोळात शिरायचा. शेवटी मी आमच्या जॉबरला, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाला विचारलं. तो आधी हसला, मग हसता हसता खाली बसला. म्हणाला, अरे येड्यांनो, तो कर गिरणीच्या मालकाला. तेवढा पैसा तुम्ही साती जन्मांत मिळवायचा नाही.

मी ते मुन्शीला ऐकवलं. मला वाटलं, आता तरी मान खाली घालेल. त्यानं दोन बोटं वर केली.

"आज न्हाय," तो म्हणाला. "पण उद्या?"

मग नरसय्यानं त्याला भजी सांगितली. मला नरसय्याचाही राग आला.

दसऱ्याला, दिवाळीला आम्ही गावी निघायचो ते टोळीनं, दोन-तीन गाड्या ठरवून. एकट्यानं नाक्यावरून जायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा मुन्शीचा भाव वाढायचा. त्याचं सगळं कायद्याचं ज्ञान एका वाक्यात मावायचं. वापरातल्या वस्तूला कर नाही, आणि अंगावरच्याला तर नाहीच नाही. तेवढ्यावर तो आमच्याकडून जे जे करून घ्यायचा ते पाहून बैलांनाही लाज वाटली असती. बाया एकावर एक तीन लुगडी नेसायच्या. गडी दोन धोतरं आणि चार बंड्या चढवायचे. नरसय्या तर एकदा इतका फुगला होता की गाडीत बसता येईना. त्याला आडवा ठेवून न्यावा लागला. नाक्यावरच्या शिपायांना काय हे दिसत नसेल? ते गालातल्या गालात हसायचे, एक-दोघांना उतरवून चार आणे-आठ आणे काढायचे आणि बाकीच्यांना सोडायचे. मुन्शी म्हणायचा, बघा, माझ्यामुळं सुटला.

एकदा आमच्यात सोलापूरच्या हायस्कुलात शिकणारा एक पोरगा होता. त्याच्याजवळ भूमितीचं नवं कोरं पुस्तक होतं. मुन्शीनं ते लाल फडक्यात बांधायला लावलं आणि पोथी आहे म्हणून सांग म्हणाला. नाक्यावरचा एक शिपाई निघाला भाविक. चप्पल काढून समोर बसला आणि म्हणाला, दोन ओळी वाचा. पोरानं डोळे मिटले आणि त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज अशा काही सुरात लावली की शिपायानं फडक्यावर एक पैसा ठेवला. आम्ही पोट धरून हसलो. पुढं कळलं की शाळेच्या पुस्तकांवर करच नव्हता. कारकून म्हणवणाऱ्याला एवढं ठाऊक नसावं?

आणि सगळ्यात किळस येण्यासारखी गोष्ट अशी, की हा स्वतः नाक्यावर कधी यायचा नाही. अलीकडे एक मोठं लिंबाचं झाड होतं. तिथं गाड्या थांबवून तो आम्हाला रांगेत उभं करायचा, कुणी काय बोलायचं ते घोकून घ्यायचा, आणि आम्ही पुढं निघालो की आपण छत्री काखेत मारून शेताच्या बांधानं वळसा घेऊन पलीकडे जायचा. विचारलं तर म्हणायचा, "माझं त्वांड दिसलं की त्यांस्नी कायदा आठवतो." म्हणजे मार खायची वेळ आली तर आम्ही, आणि सुटलो तर याच्यामुळं.

हे सगळं असून त्या वर्षी मीच त्याच्याकडे गेलो. त्याचं कारण सांगतो.

माझी थोरली बहीण, आक्का, विधवा होऊन सासरीच राहत होती. पदरी मूल नव्हतं. दिरानं तिला सांगून टाकलं होतं की दिवाळीनंतर हितं फुकट खायला मिळणार न्हाय, तुझं तू बघ. मला सोलापुरात तिला आणायला खोली नव्हती. एका खोलीत आम्ही पाच पुरुष. आक्काच्या हाताला शिवण होतं. गावात कुणाकडे मशीन नव्हती. मी पगारातून हप्ते ठरवून पेठेतून हातानं चालवायची शिवणाची मशीन घेतली. काळी कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. ती एकदा तिच्या हाती पडली असती तर दिराच्या ताटाकडे बघायची गरज उरली नसती. पण नव्या मशीनवरचा कर मला झेपणारा नव्हता, आणि कर भरला नाही तर नाक्यावर वस्तू ठेवून घेत, मग लिलाव.

मुन्शीनं मशीन पाहिली आणि पहिल्यांदा त्याची दोन बोटं वर गेली नाहीत. तो तिच्याभोवती फिरला. मग म्हणाला, "जुनी करू."

दुसऱ्या दिवशी त्यानं आमच्या अंगणात ठाण मांडलं. विटेचा चुरा घेऊन ती सोनेरी वेल घासून काढली. माझ्या काळजाचे टवके निघत होते. वर काजळी आणि तेल फासलं, लाकडी पेटीला दगडानं टोचे मारले. सुईच्या बाजूला मात्र त्यानं फडकं घट्ट बांधलं होतं आणि चुऱ्याचा एक कण आत जाऊ दिला नाही. मी जरा पुढं झालो तर हाताला चापट मारली. मला वाटलं, उगीच मिजास. संध्याकाळी खानावळीत माझ्या नावावर जेवला आणि वर आणखी भात मागितला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही लिंबाखाली थांबलो. त्यानं मला घोकवलं, मशीन माझी, वापरातली, सोलापुरात शिवतो. मग तो बांधाकडे वळला.

नाकेदार नवीन बदलून आलेला होता. तरुण, पांढऱ्या कपड्यांतला, कंटाळलेला. माझ्या पेटीचं झाकण उघडून त्यानं आत पाहिलं, काजळीवरून बोट फिरवलं आणि ते बोट मलाच दाखवलं.

"कुणाची?"

"माझी, साहेब."

"वापरातली?"

"व्हय."

"मग चालव."

हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जुनी दिसावी म्हणून एवढा खटाटोप केला, पण मशीन वापरणाऱ्याला ती चालवता आली पाहिजे, हे कुणाला सुचलं नाही. दोरा ओवलेला होता. शिपायानं एक चिंधी पुढं केली. मी बसलो आणि चाक फिरवलं. सुई दोनदा खाली गेली, मग खालून दोऱ्याचा गुंता वर आला आणि सगळं अडकून बसलं. मी जोर केला, तसं ते आणखी गच्च झालं. शिपाई हसायला लागले. नाकेदार हसला नाही. त्यानं सांगितलं, नव्या मशीनचा कर, वर खोटं बोलल्याचा दंड, आणि ऐपत नसेल तर ठेवून घ्या. दोघा शिपायांनी पेटीला हात घातला.

मी मागं पाहिलं. माझ्याबरोबरची माणसं, जी एका खोलीत माझ्याबरोबर झोपत होती, ती सगळी आपापल्या बैलांकडे बघत होती. नरसय्या चार बंड्यांत घामाघूम होऊन जमिनीकडे बघत उभा होता. आक्काची दिवाळी माझ्या डोळ्यांपुढं आली, आणि त्या दिराचं तोंडही.

तेवढ्यात बांधावरून मुन्शी आला. कुंपणाच्या काट्यांत कोट अडकला होता, तो ओढून त्यानं सोडवला. नाकेदारापुढं येऊन त्यानं टोपी काढली. टोपीखालचं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पार पिकलेलं.

"मशीन माझ्या हातची हाय, सरकार," तो म्हणाला. "पोराला येत न्हाय. मला येतं."

तो मांडी घालून बसला. गुंता दातानं तोडला, सुई मोकळी केली, आणि नाकेदाराकडे बघत बघतच दोरा ओवला. जवळच्या शिपायाच्या कोटाचा खिसा लोंबत होता. मुन्शीनं नुसता हात पुढं केला. शिपायानं कोट काढून दिला. मग त्यानं चाक धरलं आणि ती मशीन अशी चालायला लागली की हसणारे शिपाई जवळ सरकले. त्याच्या पाठीचा बाकसुद्धा बदलला होता. त्यानं खिसा जागेवर बसवून कोट परत दिला तेव्हा टाका कुठं घातलाय ते दिसेना.

दाराशी बसलेला एक म्हातारा शिपाई उठून जवळ आला. त्यानं वाकून मुन्शीचं तोंड पाहिलं.

"अरे, ये तो अपना दर्जी," तो म्हणाला. "मेरी पैली वर्दी इनेच सिया था."

मग त्यानं नाकेदाराला सगळी हकीकत सांगितली, आणि तीही आमच्या सगळ्यांच्या देखत. हा या नाक्यावर वर्द्या शिवायला होता. तेव्हाच्या साहेबाचा काळा कोट शिवायला घेतला आणि द्यायच्या आधी एक दिवस आपणच अंगात घातला. त्या कोटात बाजारभर फिरला. लोक सलाम करत होते आणि हा मान हलवत होता. समोरून साहेब आला. त्या दिवसापासून त्याला नाक्यावर पाऊल ठेवायला बंदी.

नाकेदार आता हसला. शिपाई हसले. आणि मग आमची माणसं हसायला लागली, ज्यांनी त्याला वर्षानुवर्षं चहा पाजला होता, ज्यांची पेटीला हात लावायची छाती झाली नव्हती ती. सगळ्यात मोठ्यानं नरसय्या हसला. मुन्शी खाली बघून सुईखालचं धूळ-तेल पुसत होता.

नाकेदार म्हणाला, मशीन वापरातली दिसते, जाऊ द्या. पण जाण्याआधी नाक्यावरच्या सगळ्या फाटक्या वर्द्या शिवून झाल्या पाहिजेत. साहेब लोकांचं मन असं मोठं असतं. ढीग आणून टाकला. आमच्या गाड्या पुढं निघाल्या. त्यांचं हसणं वळणापर्यंत ऐकू येत होतं. मी मशीनसाठी मागं राहिलो.

दुपार कलेपर्यंत तो शिवत होता आणि मी कापड धरत होतो. मला त्याच्याबद्दल फार माया वाटत होती असं नाही. उलट चीडच येत होती. एवढी कला हातात असून हा माणूस दुसऱ्याच्या बशीतला चहा पीत फिरला.

"मुन्शीजी, हे सांगितलं का न्हाय कधी?" मी विचारलं.

"दर्ज्याचं कोण ऐकतंय?" तो म्हणाला. एक बाही पुरी करून तो म्हणाला, "तू कुणाला सांगू नगंस."

"समद्यांनी बघितलंय की."

"बघितलंय. तू सांगू नगंस."

शेवटची वर्दी झाल्यावर त्यानं माझा हात धरून चाकावर ठेवला. चाक आपल्याकडं फिरवायचं, पलीकडं नाही. पलीकडं फिरवलं की दोरा गुंततो. आक्काला नीट सांग म्हणाला. मग टोपी घातली, छत्री घेतली आणि सोलापूरच्या रस्त्याला लागला. मी म्हटलं, गावी नाही का जायचं? त्यानं मागं न बघता हात हलवला. दर वर्षी तो आमच्याबरोबर पलीकडे कुणाकडे जात होता, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं.

आक्काचं पुढं चांगलं झालं. खण, चोळ्या, पोरांच्या बंड्या, गाव तिच्या दाराशी आलं. दीर आता वैनी वैनी करतो. सुट्टी संपून टोळी परतली, मी चार दिवस जास्त राहून निघालो तेव्हा तिनं त्या माणसासाठी एक बंडी शिवून दिली. हात केवढे, छाती केवढी, ती विचारत होती. मला काही सांगता येईना. अंदाजानं शिवली.

सोलापुरात आलो तर बाकड्याचं टोक रिकामं. चहावाल्यानं सांगितलं, आमची टोळी परतल्यावर तो एकदा येऊन बसला होता. लोकांनी फाटके सदरे आणून त्याच्या मांडीवर टाकले. मुन्शीजी, खिसा फाटलाय. मुन्शीजी, इन्कम टॅक्सचा उसवलाय, शिवता का. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. एक सदरा उचलून लोंबणारा दोरा दातानं तोडला, सदरा घडी करून बाकड्यावर ठेवला आणि निघून गेला. चहाचे पैसे दिले नाहीत, हेही चहावाल्यानं न विसरता सांगितलं. परत तो कुणाला दिसला नाही.

तो खोटारडा होता, फुकटखाऊ होता, भित्र्या माणसांना आणखी भिववून जगत होता. यातलं एक अक्षर मी मागं घेत नाही. त्याला हसणाऱ्यांबद्दल माझं मत याहून वाईट आहे, आणि त्यांच्याबरोबर मी अजून एकाच खोलीत राहतो.

बंडी खुंटीला टांगून ठेवली. बरेच दिवस ती काय, कुणाची, कुणी विचारलं नाही. एका रविवारी नरसय्यानं ती सहज अंगात घालून पाहिली. त्याला ती आखूड होत होती, खांद्यात ताणत होती. "कुणाची रे?" त्यानं विचारलं. मी सांगितलं.

त्यानं बंडी हळूच काढली, शिवण कुठं उसवली का ते उजेडात धरून पाहिलं, आणि पुन्हा खुंटीला लावली.